एमआरआय नॉर्मल आला, मग आजार आहे कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते कळेल. धाकटा भाऊ २२ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आठ महिन्यांपासून त्याला आवाज ऐकू येतात, शेजारचे आपल्यावर नजर ठेवून आहेत असं वाटतं. झोप उडाली, कॉलेज सुटलं. मनोविकारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं, गोळ्या सुरू केल्या आणि मेंदूचा एमआरआय करून घेतला. तो नॉर्मल आला. आता बाबा म्हणतात, ‘मेंदूत काही नाही तर मेंदूच्या गोळ्या कशाला? नाटकं करतोय.’ आजी म्हणते, ‘बाहेरचं काहीतरी आहे.’ एका नातेवाइकाने एक सेंटर सुचवलंय, तिथे रंगीत ब्रेन स्कॅन काढून आजार नेमका कोणता ते सांगतात. खर्च ५० हजारांच्या आसपास. त्यातच तुम्ही वाचलंत की या आजारात मेंदू आकसतो, आणि गोळ्यांनीही आकसतो.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. २० वर्षं ओपीडी करतोय, आणि मधली काही वर्षं मेंदूच्या एमआरआयवरच्या संशोधनात काढली आहेत. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना मशीनमध्ये झोपवायचं, डोकं हलू नये म्हणून स्पंज लावायचे, मग महिनोन्‌महिने त्या चित्रांवरून मापं काढत बसायचं, हे हाताने केलंय. तुमच्या भावाला मात्र मी तपासलेलं नाही. त्यामुळे त्याचं निदान बरोबर की चूक आणि औषधाचा डोस किती, यावर मी बोलणार नाही. स्कॅन काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, एवढं नीट सांगू शकतो.

माझ्या मते खरा प्रश्न स्कॅनचा नाहीच. घरात ‘नॉर्मल’ या एका शब्दाचे तीन अर्थ लागलेत. बाबांसाठी तो ‘आजार नाही’, आजीसाठी ‘डॉक्टरांच्या हातातलं नाही’, आणि नातेवाइकासाठी ‘मशीन साधं होतं, भारी मशीन लावा’. तिन्ही अर्थ चुकीचे आहेत, आणि तिन्हींचा शेवट गोळ्या बंद होण्यात होऊ शकतो. मला काळजी त्याची वाटते.

तुमच्या डॉक्टरांनी एमआरआय का सांगितला, तिथून सुरुवात करू. स्किझोफ्रेनिया दिसावा म्हणून नाही, तर दुसरं काही नाही ना हे पाहण्यासाठी. आवाज ऐकू येणं, संशय येणं ही लक्षणं इतर आजारांतही दिसतात. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ, मेंदूला आलेली सूज, मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याचे, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तंतूंच्या भागाचे, काही आनुवंशिक आजार, आपल्याकडे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे फीतकृमीच्या अळीच्या मेंदूतल्या गाठी. विल्सन्स डिसीजमध्ये शरीरात तांबं साठतं आणि तरुण वयात वागणूक बदलते, तेही कधीकधी एमआरआयवर दिसतं. पहिल्यांदाच सायकोसिस, म्हणजे भास-संशयाने वास्तवाचं भान सुटणं, झालेल्या १,६१३ रुग्णांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६ टक्के लोकांत लक्ष घालावं असं काही सापडलं, म्हणजे साधारण १८ स्कॅनमागे एक. म्हणून एकदा एमआरआय करणं योग्यच होतं. भावाचा रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ त्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी मागे पडल्या. ही चांगली बातमी आहे, पण बाबांनी ती भलत्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून घेतली.

सगळ्याच गोष्टी मात्र मागे पडत नाहीत. मेंदूच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर रसायन येऊन बसतं त्या जागेवर, शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते असा एक आजार जोसेप डालमाउ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडला, अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. तो तरुणांत होतो, सुरुवातीला हुबेहूब मानसिक आजारासारखा दिसतो, आणि त्यातही अनेकांचा एमआरआय नॉर्मल असतो. तो ओळखला जातो तो लक्षणांवरून आणि पाठीतल्या पाण्याच्या तपासणीवरून. म्हणून विचारतो: भावाला फिट आली होती का? सुरुवात काही दिवसांतच झपाट्याने झाली का? ताप, तोंडाच्या विचित्र हालचाली, अंग ताठ होऊन गप्प बसणं, दिवस-वेळ न कळणं, यातलं काही होतं का? असेल तर ते डॉक्टरांना आजच सांगा. तुमच्या वर्णनावरून आठ महिन्यांत हळूहळू वाढलेला त्रास दिसतो, त्यामुळे शक्यता कमी वाटते. पण ही गोष्ट घरच्यांच्या सांगण्यावरच ठरते. थायरॉइड आणि बी-१२ तपासलं आहे का तेही फाइलमध्ये पाहा. विशेषतः घर शाकाहारी असेल तर बी-१२ कमी सापडणं आपल्याकडे नेहमीचं आहे.

आता बाबांचा प्रश्न. मेंदूचा आजार आहे तर दिसत का नाही?

त्यांना आधी एवढंच विचारा, घरात कुणाला अर्धशिशी आहे का? असेल तर त्या माणसाचा एमआरआयही बहुधा नॉर्मलच येईल. फिट येणाऱ्या कितीतरी लोकांचा नॉर्मल येतो. पार्किन्सन्समध्ये डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने मरून गेलेल्या असतात, हात थरथरत असतो, आणि साधा एमआरआय नॉर्मल असतो. तिथे कुणी म्हणत नाही की आजोबा नाटक करतायत.

कारण मापाचं आहे. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. नेहमीच्या एमआरआयमधला सगळ्यात लहान ठिपका जवळपास एक मिलिमीटरचा, बऱ्याचदा त्याहून मोठाच. त्या एका ठिपक्यात हजारो पेशी आणि त्यांचे कोट्यवधी जोड असतात. गाठ, रक्तस्राव, झीज अशा रचनेतल्या गोष्टी त्यात दिसतात. जोडांमधून कोणतं रसायन किती सुटतंय, हे त्यात दिसायचं कारणच नाही. आणि स्किझोफ्रेनियातली गडबड, आज जेवढी समजली आहे तेवढी, बरीचशी त्या पातळीवरची आहे.

मग ‘मेंदू आकसतो’ हे कुठून आलं? ते खोटं नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगतो.

१९७६ मध्ये लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये ईव्ह जॉन्स्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं आजारी असलेल्या १७ रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या त्यांच्यात मोठ्या निघाल्या. त्या काळात या आजाराचं खापर आईच्या वागण्यावर फोडणारे लोक होते. त्यांना हा मोठा धक्का होता. पुढे एमआरआय आला, अभ्यास वाढत गेले, पण बहुतेक लहान, २०-३० रुग्णांचे, आणि एकाचा निष्कर्ष दुसऱ्याशी जुळेना. मग जगभरच्या केंद्रांनी आपली चित्रं एकाच पद्धतीने मोजायचं ठरवलं. एनिग्मा नावाच्या त्या गटाने २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी लोकांची मापं एकत्र केली. सगळ्यात ठळक फरक निघाला तो हिप्पोकॅम्पस या, आठवणींशी संबंधित भागाचा, रुग्णांमध्ये तो सरासरीने लहान. संख्याशास्त्राच्या भाषेत फरक ०.४६.

या आकड्याचा अर्थ घरगुती भाषेत असा. स्किझोफ्रेनियाचा एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस अशा १०० जोड्या लावा. दोघांत हिप्पोकॅम्पस ज्याचा लहान तो रुग्ण, असं म्हणत सुटलात, तर साधारण ६३ जोड्यांत तुम्ही बरोबर ठराल, ३७ मध्ये चूक. डोळे मिटून नाणं उडवलं तरी ५० बरोबर येतातच. दोन्ही गटांची मापं ८० टक्क्यांहून जास्त एकमेकांवर पडतात. नैराश्यात तर याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात फरक ०.१४ निघाला, म्हणजे १०० पैकी ५४. हा फरक खरा आहे, हजारो लोकांत पुन्हा पुन्हा सापडतो, आणि आजार समजून घ्यायला त्याची मदत होते. पण तुमच्या भावाच्या एका स्कॅनसमोर बसून ‘याला आजार आहे’ किंवा ‘नाही’ हे त्यावरून मी सांगू शकत नाही, आणि दुसरं कुणीही सांगू शकत नाही. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या अभ्यासगटाने २०१८ मध्ये साऱ्या संशोधनाचा आढावा घेऊन हेच म्हटलं: प्राथमिक मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरता येईल अशी मेंदूच्या चित्रातली खूण अजून कुणाच्या हाती लागलेली नाही.

शिवाय मोजताना काय काय घुसतं ते मी पाहिलंय. रुग्णाला मशीनमध्ये बेचैनी वाटते, डोकं थोडं हलतं, आणि नुसत्या हलण्याने मेंदूचा पृष्ठभाग मापात पातळ दिसतो. तंबाखू, वजन, मशीन कुठल्या कंपनीचं, सगळ्यांचा परिणाम होतो. आमच्याकडे एकदा मशीनचं सॉफ्टवेअर बदललं आणि त्याआधीची व नंतरची चित्रं सरळ एकत्र धरता येईनात. दीड वर्षाचं काम पुन्हा तपासावं लागलं. मेंदू काम करताना काढलेल्या रंगीत चित्रांचं, म्हणजे फंक्शनल एमआरआयचं, तर आणखी नाजूक आहे. तिथे मोजतात तो रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल, आणि तो एकदोन टक्क्यांचा असतो. २०२० मध्ये १०८ लोकांचे तेच ते स्कॅन ७० संशोधक गटांना दिले आणि तेच ९ प्रश्न विचारले. कुठल्याही दोन गटांची पद्धत तंतोतंत सारखी नव्हती, आणि काही प्रश्नांवर उत्तरं बरीच वेगळी आली. हे सगळे प्रामाणिक आणि जाणकार लोक होते.

यावरून त्या सेंटरबद्दल काय वाटतं ते ओळखलं असेल. जाऊ नका. चित्रातला लाल-निळा रंग मेंदूचा नसतो, सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या आकड्याला कुठला रंग द्यायचा हे माणूस ठरवतो. मर्यादा थोडी सरकवली की तोच मेंदू शांत किंवा पेटलेला दिसतो. माझ्याकडे असे छापील रंगीत रिपोर्ट घेऊन घरची माणसं येतात. एका मुलीच्या आईने दागिना मोडून तो काढला होता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ‘पुढच्या भागात क्रिया कमी.’ पण ती मुलगी रात्रभर जागी होती आणि स्कॅनच्या आधी झोपेचं औषध दिलेलं होतं. त्यावरून मला उपचारात एक गोळीही बदलता आली नाही. ते पैसे तिच्या पुढच्या वर्षभराच्या औषधांना पुरले असते.

कुणी म्हणेल, हे संशोधन आहे. तर खऱ्या संशोधनाची ओळख सोपी आहे. संशोधनासाठी होणाऱ्या तपासणीचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. नीतिसमितीची मंजुरी असते, समजेल अशा भाषेत लेखी संमती घेतात, कधीही बाहेर पडायची मुभा असते, आणि ‘यातून तुमचं निदान होणार नाही’ असं आधीच सांगतात. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत किंवा एखाद्या मेडिकल कॉलेजात असं कुणी विचारलं आणि भावाची इच्छा असेल, तर जरूर भाग घ्या. आपल्या लोकांचे मेंदू या अभ्यासांत अजून फार कमी आहेत.

तुम्हाला वाटेल, मग एवढ्या संशोधनाचा रुग्णाला उपयोग काय? आहे, आणि तो तुमच्या भावाच्या गोळ्यांपर्यंत पोचलेला आहे. हे मला मनापासून सांगायचंय.

मी शिकत होतो तेव्हा वॉर्डात हॅलोपेरिडॉल हे सायकोसिसवरचं जुनं औषध दिवसाला २० मिलिग्रॅम देणं सर्रास होतं, त्याहून जास्तही. माणसं लाकडासारखी ताठ व्हायची, लाळ गळायची, पाय एका जागी ठरायचे नाहीत. घरचे म्हणायचे, ‘आधी बरा होता, औषधाने असा झाला,’ आणि गोळ्या बंद करायचे. नेमका किती डोस पुरे, हे मेंदूत डोकावून पाहायची सोय साध्या तपासणीत नसते. ती पेट स्कॅनने दिली. त्याची युक्ती अशी: डोपामिनच्या रिसेप्टरवर जाऊन बसणारा एक पदार्थ घेतात, त्याला किरणोत्सारी कार्बन जोडतात आणि शिरेतून देतात. तो कार्बन दर २० मिनिटांनी अर्धा होतो, म्हणून पदार्थ बनवणारं यंत्र जवळच असावं लागतं. जे रिसेप्टर औषधाने आधीच व्यापलेत तिथे या पदार्थाला जागा मिळत नाही, आणि तेवढं चित्र मंद होतं. मंदपणावरून औषधाने किती टक्के जागा धरली ते कळतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत लार्स फार्डे यांनी १९८० च्या दशकात हे मोजलं. पुढे टोरांटोमध्ये शितिज कपूर यांनी पहिल्यांदाच आजारी पडलेल्या २२ रुग्णांना दिवसाला १ किंवा २.५ मिलिग्रॅम एवढंच हॅलोपेरिडॉल देऊन पेट स्कॅन केले. २००० साली निष्कर्ष आला: साधारण ६५ टक्के रिसेप्टर व्यापले की सुधारणेची शक्यता वाढते, ७८ टक्क्यांच्या पुढे ताठरपणा वाढतो. म्हणजे आम्ही कितीतरी जणांना गरजेच्या अनेकपट औषध देत होतो. २२ माणसांच्या त्या चित्रांनी जगभरच्या ओपीडीतल्या चिठ्ठ्या बदलल्या. माझीही बदलली. भावाला आज कमी डोसपासून सुरुवात करून पुढे जाणारे डॉक्टर मिळाले असतील, तर त्यात या स्कॅनचा वाटा आहे.

पेट स्कॅननेच हेही दाखवलं की स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांत मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामिन जास्त बनतं. नेहमीच्या औषधांनी ज्यांना गुण येत नाही, त्यांत ते वाढलेलं नसावं असं २०१२ च्या लंडनमधल्या एका लहान अभ्यासात दिसलं. हे पक्कं झालं तर पुढे कुणाला क्लोझापिन, म्हणजे इतर औषधांनी गुण न आल्यावर देतात ते औषध, लवकर द्यायचं ते ठरवायला मदत होईल. आज ते ओपीडीत वापरता येत नाही.

राहिला गोळ्यांनी मेंदू आकसण्याचा प्रश्न. ही भीती निराधार नाही. अमेरिकेतल्या आयोवामध्ये २११ रुग्णांचे वर्षानुवर्षं एमआरआय काढले, आणि २०११ मध्ये सांगितलं की जास्त औषध घेतलेल्यांत मेंदूचं आकारमान थोडं जास्त घटलं. पण ज्यांचा आजार तीव्र त्यांनाच जास्त औषध मिळतं, त्यामुळे कशाचा परिणाम किती हे वेगळं करणं कठीण. शिवाय औषध सुरू होण्याआधीही काही फरक सापडतात. आणि आकारमान घटणं म्हणजे पेशी मरणं असंच नाही: २०१० मध्ये निरोगी लोकांना हॅलोपेरिडॉलचा एकच डोस शिरेतून दिला, तर तासा-दोन तासांत मेंदूच्या एका भागाचं आकारमान बदललं आणि दिवसभरात बरंचसं पूर्ववत झालं. माझा निष्कर्ष एवढाच की डोस लागेल तेवढाच असावा आणि दर काही महिन्यांनी तो तपासून पाहावा. बंद करण्याचा निष्कर्ष यातून निघत नाही. ६५ चाचण्यांचा एकत्रित हिशोब २०१२ मध्ये आला: औषध चालू ठेवलेल्यांत वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार पुन्हा उफाळला, बंद केलेल्यांत ६४ टक्क्यांचा. फिनलंडमध्ये ६२,२५० रुग्णांवर २० वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं, तिथे औषध घेणाऱ्यांत मृत्यू कमी होते. बाबांना दाखवायचे असतील तर हे आकडे दाखवा.

बाबांशी ‘मेंदूत आहे की नाही’ यावर वाद घालू नका, त्यात तुम्ही दोघंही थकाल. त्यांना पुढच्या तारखेला सोबत न्या आणि डॉक्टरांनाच विचारू द्या. आजीच्या मनाला बरं वाटत असेल तर देवदर्शनाला हरकत नाही, मात्र गोळी चुकता कामा नये, आणि अंगात आलंय म्हणून मारहाण, उपाशी ठेवणं असलं काही कुणी सुचवलं तर तिथून भावाला लगेच बाहेर काढा. आवाज त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

जाताना एमआरआयची फिल्म नेली नाहीत तरी चालेल, रिपोर्टचा कागद पुरे. त्याऐवजी एक साधी वही करा. रोज रात्री चार ओळी: किती तास झोपला, आवाजांचा त्रास किती वेळ झाला, जेवण, अंघोळ, कुणाशी बोलला, हात थरथरला का, गोळी किती वाजता घेतली. महिन्याभराची अशी वही कुणी टेबलावर ठेवली की मी आधी ती वाचतो. डोस वाढवायचा की कमी करायचा हे मला त्या वहीतून कळतं. लिहायचं काम बाबांकडे देता आलं तर पाहा.